कपाशीच्या बोंडाची चांदणी, फक्त एका माणसासाठी

नमस्कार मंडळी, कसं काय, बरं शे ना?

नाताळ जवळ आला की आपल्या जळगाव-धुळ्याच्या बाजारात चमकीचे गोळे, घंटा, प्लास्टिकच्या चांदण्या येतात. दिसतात छान, पण त्यातलं काहीही कोणालाही देता येतं. आज आपण करणार आहोत ती चांदणी एकाच माणसाला देता येईल. मी माझ्या मोठ्या बहिणीसाठी करतेय. लग्न होऊन ती सुरतला गेली. यंदा तिच्या ख्रिसमस ट्रीवर आपल्या शिवारातलं काहीतरी लागावं, अशी माझी फार इच्छा आहे.

[बोंड हातात घेऊन जवळून दाखवायचं]

हे बघा. कापूस वेचल्यावर झाडावर जे कोरडं टरफल राहतं, ते हे. चार नाहीतर पाच पाकळ्या असतात आणि प्रत्येकीचं टोक बाहेर वळलेलं. वेचणीला जाणाऱ्या बायकांना ही टोकं चांगली ठाऊक आहेत, बोटं ओरबाडून निघतात. आपल्याला पाच पाकळ्यांचं हवं. आतली बाजू फिकट बदामी आणि गुळगुळीत असते, तीच समोर ठेवायची.

निवडताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. किडकं, अर्धवट उमललेलं, कवडी म्हणजे नीट न फुललेला डागाळलेला कापूस चिकटलेलं बोंड घरात आणू नका. गुलाबी बोंडअळी अशाच बोंडात दडून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा कपाशीवर येते. म्हणून तर पऱ्हाट्या, म्हणजे वेचणीनंतरची कपाशीची वाळलेली झाडं, बांधावर रचून ठेवू नका, असं शेतकऱ्यांना सांगतात. पूर्ण उघडलेलं, स्वच्छ, भोक नसलेलं बोंड घ्या, जुन्या टूथब्रशने झाडा आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवा.

कोणी म्हणेल, शेतातला काडीकचरा कशाला लावायचा? अहो, सुरुवात तिथूनच झाली आहे. जर्मनीत आधी झाडाला सफरचंदं, अक्रोड, घरी भाजलेल्या बिस्किटांसारख्या वस्तू टांगत. काचेचे गोळे नंतर आले, एकोणिसाव्या शतकात, लाउशा गावच्या काच फुंकणाऱ्या कारागिरांकडून. स्वीडनमध्ये तर धान्याच्या काडाच्या चांदण्या आजही करतात. आणि स्वीडन आपल्याला अगदीच परकं नाही. नंदुरबार-नवापूर भागात ज्या मिशनने काम केलं, ती स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशन १८९० साली सुरू करणारे फ्रेडरिक फ्रान्सन मूळचे स्वीडनचेच. त्यांच्याकडे गव्हाचं काड, आपल्याकडे कपाशीचं बोंड. मला हे अगदी रास्त वाटतं.

आता मधली टिकली, म्हणजे बोंडाच्या मधोमध बसवायची पिठाची चकती. खरं काम इथं आहे.

दोन वाट्या कणीक, एक वाटी बारीक मीठ, आणि पाणी एक वाटीपेक्षा थोडं कमी, लागेल तसं घालायचं. पुरीच्या पिठाइतकं घट्ट मळा. सैल झालं तर ठसा उठत नाही. एका चांदणीला हे फार होईल, तेव्हा चमच्याने मोजून याच प्रमाणात घ्या. रुपयाच्या नाण्याएवढी, पण त्याहून दुप्पट-तिप्पट जाड टिकली थापा.

आता हिच्यावर काय उमटवायचं? नाव नको, असं माझं स्पष्ट मत आहे. नाव दुकानातही लिहून मिळतं. ज्याला द्यायचं, त्याने बघताच ओळखावं आणि बाकीच्यांनी विचारावं, असं काहीतरी शोधा. जुन्या घराच्या किल्लीचं टोक, अंगणातल्या लिंबाचं पान, बाबांच्या सदऱ्याचं बटण, काहीही चालेल. मी आईच्या अंगठ्याचा ठसा घेतलाय.

[टिकली जवळून]

दिसतंय? मधल्या रेषा जवळजवळ पुसल्या आहेत. वर्षानुवर्षं वेचणी आणि भांडी केलेला अंगठा आहे हा. आईला मी अंगठ्याला तेलाचं बोट लावायला सांगितलं, मग तिने सरळ दाबला आणि सरळच उचलला. फिरवला की रेषा फिसकटतात.

पाठीमागे सुईने दोनच शब्द लिहिलेत: 'जेवनी का?', म्हणजे जेवलीस का? आई रोज फोनवर बहिणीला पहिलं हेच विचारते. लिहिताना सुई ओढू नका, पीठ फाटतं. टिंबाला टिंब जोडत अक्षर काढा, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी.

टिकली सावलीत वाळवा, रोज एकदा उलटा. उन्हात ठेवली तर कडा तडकतात. डिसेंबरची आपली कोरडी हवा या कामाला फार चांगली, तीन-चार दिवसांत टिकली खडखडीत होते. पण मीठ पावसाळ्यात पाणी ओढणारच, म्हणून दोन्ही बाजूंनी आणि कडेलाही व्हार्निश किंवा बिनरंगाचं नेलपॉलिश लावा. घरात कुत्रं असेल तर चांदणी उंच टांगा, इतकं मीठ पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

मग जोडणी. बोंड थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, नाहीतर पाकळी चिरते. दाभणाने एका पाकळीला भोक पाडा, टोकाकडे नाही, बुडाकडे, तिथं ती जाड असते. देठाला दोरी बांधली तर चांदणीचं तोंड खाली जाईल. बोंड पुन्हा पूर्ण वाळलं की मधोमध टिकली बसवा, पण गोंद फक्त कडेला ठिपके ठिपके लावा, पाठीमागचं लिहिलेलं भरून जाता कामा नये. मागचे शब्द दिसावेत म्हणून मी बोंडाचं बूड देठासकट कापून टाकलंय. दोरी आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाची, बारीक चिंधी पीळ देऊन केलेली.

सगळं धरून आठवडा लागतो, आणि कुरियरचे दिवस वेगळे. तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच बसा. पाठवताना ताठ खोक्यात खाली-वर कापूस भरा. कापूस घरचाच घ्या, सरकी काढलेला.