‘जेवूनच जा’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं : तआरोफ या इराणी शिष्टाचाराविषयी

नमस्कार. निमंत्रणपत्रिकेत विषय छापलाय ‘इराणमधलं खरं आमंत्रण कसं ओळखावं’. त्यावर बोलणारच आहे. पण आधी तेहरानच्या एका टॅक्सीवाल्याबद्दल सांगतो. आमच्या घरी ही गोष्ट इतक्या वेळा ऐकून झाली आहे की आज घरचं कोणीही सभागृहात नाही, त्यामुळे मोकळेपणानं सांगता येईल.

इराणला गेलेल्या आमच्या गटात एक इंजिनिअर होते. सज्जन माणूस. त्यांनी ‘दरबस्त’ टॅक्सी केली, म्हणजे अख्खी गाडी आपल्या एकट्यासाठी. हॉटेलपाशी उतरताना त्यांनी विचारलं, किती झाले? चालकानं उजवा हात छातीवर ठेवला, मान जरा झुकवली आणि म्हणाला, ‘काबेल नदारे’. तुमच्यापुढे त्याची काय किंमत! इंजिनिअरसाहेबांनी निघण्यापूर्वी एक मार्गदर्शक पुस्तक वाचलं होतं आणि त्यात इराणी आदरातिथ्यावर चार पानं होती. त्यांना भरून आलं. त्यांनी चालकाचा हात दोन्ही हातांत घेतला, ‘मेर्सी, मेर्सी’ म्हणाले (हो, इराणमध्ये आभार मानायला हा फ्रेंच शब्द सर्रास चालतो) आणि बॅग उचलून चालू लागले.

आता त्या चालकाची पंचाईत बघा. ‘अहो, भाडं द्या’ म्हणायची सोय नाही, कारण आत्ताच तो ‘किंमत नाही’ म्हणालाय. आणि तसंच निघून जाणं परवडणारं नाही. म्हणून तो गाडीतून उतरला आणि त्यांच्या हातातली बॅग घेऊन हॉटेलच्या दारापर्यंत आला. इंजिनिअरसाहेब आणखी हेलावले. ‘खस्ते नबाशीद’, दमू नका, असं तो म्हणाला. घरची मंडळी कशी आहेत विचारलं. हिंदी सिनेमातल्या दोन-तीन नटांची नावं घेतली. प्रत्येक वाक्याचा मथितार्थ एकच होता : पैसे. यांनी खिशातून चॉकलेट काढून त्याला दिलं. त्यानं दोनदा ‘नको’ म्हणून तिसऱ्यांदा घेतलं, म्हणजे त्याही अवस्थेत माणसाची रीत सुटली नाही! मी मागच्या टॅक्सीतून उतरत होतो. मुद्दाम सावकाश. शेवटी हॉटेलचा स्वागत-कक्षातला तरुण बाहेर आला, त्यानं दोघांचे चेहरे पाहिले आणि एका वाक्यात भाडं मिटवलं. तेही हसऱ्या चेहऱ्यानं, कोणाचाही मान न दुखावता.

इथं करायचं एवढंच असतं : ‘खाहेश मीकोनम’, म्हणजे अहो, कृपा करून सांगा, असं म्हणून पुन्हा विचारायचं. तो कदाचित आणखी एकदा टाळेल, मग आकडा सांगेल. त्या आकड्यातही गंमत आहे. अधिकृत चलन रियाल, पण लोक बोलतात तोमानमध्ये, आणि एक तोमान म्हणजे दहा रियाल. ऐकलेल्या आकड्यावर एक शून्य चढवून नोटा मोजायच्या. हा शिष्टाचार नव्हे, नुसती सवय आहे. नवख्याला मात्र दोन्ही सारखेच छळतात.

या सगळ्या प्रकाराला, म्हणजे सभ्यतेपोटी आग्रह करायचा आणि सभ्यतेपोटीच ‘नको’ म्हणायचं या रीतीला, तिकडे ‘तआरोफ’ म्हणतात. दारातून आधी कोणी जायचं, बिल कोणी द्यायचं, शेवटचा कबाब कोणी खायचा, सगळीकडे तो आहे. गाडीत पुढच्या सीटवर बसलेला माणूस मागच्यांना म्हणतो, माफ करा, तुमच्याकडे पाठ करून बसलोय. त्यावर मागून उत्तर येतं, ‘गोल पोश्त ओ रू नदारे’, फुलाला पाठ-पोट नसतं. टॅक्सीत बसायचं हे भाडं म्हटलं तर मी आनंदानं देईन.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ती त्या ‘तीनदा नाही म्हणा’ वाल्यांशी आहे. ज्याला विचाराल तो हेच सांगतो : तीन नकार होईपर्यंत आग्रह वरवरचा, चौथ्यांदा आला तर खरा. टॅक्सीच्या प्रसंगानंतर आमच्या इंजिनिअरसाहेबांनाही कोणीतरी हा मंत्र दिला. मग काय, ते कोटाच्या खिशात बोटं मोजायला लागले! बसमध्ये शेजारच्यानं संत्रं सोललं आणि ‘बेफर्मायीद’ म्हणून पुढं केलं. नुसत्या शेजारधर्माचं ते ‘घ्या’. यांनी शिस्तीत तीनदा नकार दिला, तो गृहस्थ सवयीनं चौथ्यांदा म्हणाला, आणि अर्धं संत्रं गेलं. उलट एका घरी आजीबाईंनी एकदाही न विचारता ताटात गोर्मे सब्जी वाढली. तिथं मोजायचं काय? इराणी पाहुणचारात फळांच्या थाळीत काकडी असते आणि ती फळ म्हणूनच खातात. ती यांनी बाजूला ठेवली, तर आजींना वाटलं पाहुण्याला लाज वाटते. त्यांनी सोलून दिली.

माझं म्हणणं असं की आग्रह मोजायचा नसतो, तो खरंच पार पाडायची सोय आहे का ते बघायचं असतं. आणि हे मी शिकलो इराणी लोकांच्याच एका थट्टेतून.

तेहरानच्या दक्षिणेला रेय इथं शाह अब्दोलअझीमचा दर्गा आहे. १८८८ साली एका बेल्जियन कंपनीनं तेहरान ते रेय अशी छोटी रेल्वे सुरू केली. लोक तिला ‘माशीन दूदी’, धुराची गाडी, म्हणत. तेहरानकर सकाळी दर्शनाला जायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचे. तिकीट बहुधा दोन्ही बाजूंचं काढलेलं. गोष्ट अशी सांगतात की रेयचे रहिवासी पाहुण्याच्या हातात परतीचं तिकीट आहे हे नीट बघून घ्यायचे, आणि मगच ‘रात्री राहाच, जेवूनच जा’ असा जोरात आग्रह धरायचे. आजही पोकळ आग्रहाला ‘तआरोफ-ए-शाह अब्दोलअझीमी’ म्हणतात. रेयच्या लोकांना हे आवडत असेल असं वाटत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं... नाही, पाच. बरं. मग विषय आत्ता सुरू करतो.

१९९० मध्ये एलन आयझॅक्स आणि हर्बर्ट क्लार्क या दोन संशोधकांनी इंग्रजीतल्या दिखाऊ आमंत्रणांवर निबंध लिहिला आणि अशा आमंत्रणाची सात लक्षणं सांगितली. सातही सांगत बसत नाही. येणं मुळातच अवघड असतं (हीच आपली धुराची गाडी), बोलावणारा वेळ-ठिकाण मोघम ठेवतो, आणि नाही म्हटलं की फार ताणत नाही, ही त्यातली तीन. पुढे २००५ मध्ये झोहरे एस्लामी यांनी फारसी आणि इंग्रजी आमंत्रणं शेजारी ठेवून पाहिली. फारसीत तुम्ही या तिसऱ्या लक्षणावर विसंबलात तर फसाल, कारण ताणणं खऱ्या आणि दिखाऊ अशा दोन्ही आमंत्रणांत असतं.

उरतात दोन खुणा. पहिली, तुमच्या नकाराचं पुढे काय होतं. ‘उद्या सकाळी लवकर निघायचंय’ असं तुम्ही म्हणालात आणि समोरचा पुन्हा ‘नाही नाही, याच’ म्हणाला, तर तो रिवाज. तो म्हणाला, ‘मग सातलाच बसू, मुलगा गाडी घेऊन येईल’, तर कोट घाला. तुमची अडचण तो सोडवायला लागलाय. दुसरी, दिवस आणि तास. ‘कधीतरी या’ याला उत्तर म्हणून आभार मानायचे, डायरी काढायची नाही. आणि ‘बी-तआरोफ’, तआरोफ बाजूला ठेवून सांगतो, हे शब्द ऐकून लगेच हुरळायचं नाही. तेसुद्धा तआरोफमध्ये येतात.

हो, संपवतोच. एक राहिलं, कारण हे कोणीतरी विचारणारच. यजमानांच्या घरातल्या वस्तूचं कौतुक केलं की ते म्हणतील, ‘पीशकश’, म्हणजे तुम्हालाच अर्पण. गालिचा असला तरी म्हणतील. तो गुंडाळायचा नाही. म्हणायचं, तो इथंच शोभतो, आणि चहाचा पेला पुढे करायचा. आणि तुमच्या शर्टाचं कोणी कौतुक केलं तर तो काढून देऊ नका. ‘चेश्मातून गशंग मीबीने’, तुमची नजरच सुंदर आहे, एवढं पुरतं. घ्या, प्रश्न विचारा.