सहा इकडे, सहा तिकडे

नमस्कार मंडळी. कोणी कापूस वेचत असाल, कोणी भाकरी थापत असाल. हात चालू द्या, कान तेवढे इकडे ठेवा.

आज बोलायचंय गावच्या वाचनालयांतल्या जुन्या पुस्तकांविषयी. ती स्कॅन करून इंटरनेटवर ठेवायची, पण एकेकट्यानं नाही, आजूबाजूच्या वाचनालयांनी मिळून. मिळूनच का, त्यासाठी माझी एक लाडकी गोष्ट ऐका. ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी चहा मांडून घ्यावा.

दारव्ह्याकडची दोन गावं, मध्ये नाला. दोन्हीकडं वाचनालय, पैसा कुठंच नाही. म्हणून १९५५ साली दोघांनी मिळून एका मासिकाची वर्गणी भरली. एक अंक या गावाला, पुढचा त्या गावाला, वाचून झाला की अदलाबदल. त्यात एक कादंबरी येत होती, बारा महिने, बारा भाग.

पहिला अंक आला आणि संक्रांतीनंतर शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरला. जोडी कोणाची पुढं होती, यावरून अशी जुंपली की ठरलेल्या सोयरिकी मोडल्या. तिथं अंकांची अदलाबदल कोण करतो! वर्गणी मात्र वर्षाची भरलेली. पोस्टमन बिचारा ठरल्याप्रमाणं एक अंक इकडे, एक तिकडे टाकत राहिला. वर्षाअखेर सहा इकडे, सहा तिकडे. नायिका विहिरीकडं धावली हे इकडच्यांना माहीत. पुढं तिचं काय झालं, ते नाल्यापलीकडं!

दोन-तीन वर्षांपूर्वी आम्ही दोन्ही वाचनालयांच्या याद्या शेजारी ठेवल्या. अंकांची मुखपृष्ठं बाइंडिंगवाल्यानं फाडून फेकलेली. (फाटक्या पानाला सेलोटेप लावणारे आणि हे बाइंडिंगवाले, यांच्यावर मला एकदा वेगळं भाषण द्यायचंय.) पण पानांचे आकडे वर्षभर सलग होते. एक अंक ६४ वर संपलेला, तर नाल्यापलीकडचा ६५ वर सुरू. पत्त्यांसारखे एकात एक बसले.

इकडच्या गावातले एक आबाजी, वय ८५. तेव्हा शाळकरी पोरगं होते, अंक आला की पारावर मोठ्यानं वाचून दाखवायचे. अंक स्कॅन झाल्यावर नातीनं वाचनालयातल्या लॅपटॉपवरून राहिलेले सहा भाग एका दुपारी त्यांना वाचून दाखवले. आबाजी डोळे मिटून ऐकत होते. काय म्हणाले, ते शेवटी सांगतो.

तर मुद्दा एवढाच: आधी यादी, मग स्कॅन. पुन्हा सांगतो, आधी यादी, मग स्कॅन. नाहीतर एकच पुस्तक दहा गावं स्कॅन करतील आणि ज्याची एकच प्रत उरलीय ते उधई खाईल. परदेशात हे मोठ्या प्रमाणावर झालंय. युरोपातल्या ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी मिळून २००८ साली ‘युरोपियाना’ हे जुन्या ठेव्याचं संकेतस्थळ सुरू केलं. पहिल्याच दिवशी एवढी झुंबड उडाली की ते बंद पडलं, म्हणजे लोकांना जुनं नको असतं हे खोटं! मराठीचा आद्य गद्यग्रंथ, लीळाचरित्र, आपल्या रिद्धपुरात घडला, आणि आपण जुने अंक किलोनं विकतो. सत्काराच्या शाली तेवढ्या जपून ठेवतो. असो.

स्कॅन ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या, खाली नको. प्रती तीन ठिकाणी, एक तरी दुसऱ्या गावात. आणि कायदा: लेखक वारला त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांची पुस्तकं २०११ पासून मोकळी झाली. अशी पुस्तकं मराठी विकिस्रोतावर, म्हणजे इंटरनेटवरच्या फुकट ग्रंथालयात, ठेवता येतात. आमची कादंबरी अजून मुदतीत अडकलीय, ती वाचनालयात बसूनच वाचायची. यादी मात्र जगाला खुली. यादीला कोणाची मनाई नाही. म्हणून पुन्हा, आधी यादी.

वेळ संपत आला, आबाजींचं राहिलंच. शेवटचा भाग संपला तसे म्हणाले, “पोरी, तवा हे सहा भाग म्या मनानंच रचून पोट्ट्याईले सांगतले होते. माह्यावाले बरे होते.”

नाल्यापलीकडंही एका आजीनं उरलेले सहा असेच रचले होते म्हणतात. येत्या रविवारी रेकॉर्डर घेऊन तिकडं जातोय. नमस्कार.