गुळाचा रंग मोजायचा तर आधी अंधार बांधा

मंडळी, हे दोन खडे बघा. डावा पांढऱ्या कागदावर आहे, उजवा काळ्या पुठ्ठ्यावर. जास्त काळपट कुठला? डावा म्हणणाऱ्यांनी हात वर करा. मागच्या रांगेतले तर झाडून सगळे आले. आता दोन्ही कागदावरून उचलून एका तळहातावर ठेवतो. बघा, दोन्ही एकाच रव्यातून, म्हणजे गुळाच्या एकाच ढेपेतून, फोडलेले आहेत.

पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगशाळेचा प्रमुख असलेल्या शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1839 मध्ये यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याच्याकडे तक्रार यायची की काळा धागा फिका पडतोय. त्याने तपासलं तर रंग पक्का होता. शेजारी विणलेल्या धाग्यामुळे तो फिका दिसत होता. डोळा रंग मोजत नाही, तुलना करतो. घरात भाजी निवडायला ते पुरतं. आपल्या गुळाच्या मार्केट यार्डात मात्र त्याच्यावर पैसे ठरतात, म्हणून मला आज बोलायचं आहे.

शाहू महाराजांनी 1895 मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी वसवली ती गुळाच्या पेठेसाठी. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. एवढ्या जुन्या पेठेत मालाचं वजन काट्यावर होतं, रंग मात्र अजून नजरेवर. आमचे थोरले चुलते, तात्या, पंचगंगेकाठी गुऱ्हाळ चालवायचे. मळी काढायला भेंडीच्या रसाशिवाय काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या कढईत, काही पडू द्यायचे नाहीत. गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, पिढीजात. चुलवाणातल्या जाळाकडे बघून सांगायचा, आता उतरवा. थर्मामीटर घातला की बहुतेक 118 अंशांच्या आसपासच दिसायचा. अशा माणसाची नजर कमी लेखायला मी उभा नाही.

एका हंगामात तात्यांचा माल सौद्याला गेला. एकाच आदणाचे, म्हणजे काहिलीत एका वेळी शिजवलेल्या रसाचे रवे, एकाच वाफ्यात निववलेले. निम्मे रवे अडत्याच्या दुकानाच्या ओट्यावर, सकाळच्या उघड्या उजेडात लागले. जागा पुरली नाही म्हणून उरलेले आत, ट्यूबलाइटखाली, आणि शेजारी कुणाचातरी हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारी रासायनिक पावडर, मारलेला पिवळाधमक गूळ. बाहेरच्या मालाला चांगला भाव मिळाला. आतला ‘काळा माल’ म्हणून खालच्या प्रतीत गेला. तात्या म्हणाले, अहो, एकाच काहिलीतला आहे. उत्तर आलं, ‘तात्या, दिसतंय ते बोलतोय.’ तो माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला खरोखर तसंच दिसत होतं. तात्यांनी एक रवा उचलून ओट्यावर आणून ठेवला असता तर वाद तिथंच मिटला असता, पण बोली संपली होती आणि गर्दी पुढच्या दुकानाकडे सरकली होती. पुढच्या वर्षी घरात चर्चा सुरू झाली, आपणही थोडा हायड्रॉस घालावा का? तात्यांनी घातला नाही. किती जणांनी घातला, ते तुम्हाला माहीत आहे. प्रामाणिक माणसाला पावडरीकडे ढकलणारी ही व्यवस्था आहे, आणि मला त्याचा आजही संताप येतो.

कुणी म्हणेल, मोबाइलने फोटो काढा. मोबाइलचा कॅमेरा समोरचा उजेड बघून पांढऱ्याचा तोल स्वतःच बदलतो. फोटो छान यावा यासाठी तो बनवलाय. डोळ्याची खोड त्यानेही उचललीय. प्रयोगशाळेतलं चांगलं उपकरण अचूक असतं, पण त्याची किंमत लाखात जाते, ते कपाटात राहतं, आणि सौदा इकडे होऊन जातो.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. गुळाचा रंग मोजणारा सेन्सर कसा बांधायचा हे सांगायला मला बोलावलं होतं, तेव्हा आता भरभर घेतो.

ही चिप बघा, टीसीएस 34725. तांदळाच्या दाण्याहून लहान. आत लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांखाली उजेड मोजणारे फोटोडायोड, काही बिनगाळणीचे, आणि वर अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडचा डोळ्याला न दिसणारा उजेड, अडवणारा थर. बोर्डासकट काहीशे रुपयांत मिळते. तो थर महत्त्वाचा, कारण चिपमधल्या सिलिकॉनला 1100 नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा उजेड दिसतो आणि आपल्या डोळ्याला 700 च्या पुढे जवळजवळ काही नाही. जुन्या टीसीएस 3200 मध्ये तो थर नाही. ती घेतलीत तर उन्हातला अवरक्त उजेडही रंग म्हणून मोजला जाईल. थोडे पैसे जास्त असतील तर एएस 7341 घ्या. दृश्य उजेडाचे 415 ते 680 नॅनोमीटरमधले आठ पट्टे ती वेगळे देते.

पण चिप हा यातला सोपा भाग. माझं म्हणणं एवढंच आहे की खर्च आणि डोकं चिपभोवतीच्या अंधारावर लावा. काळी डबी करा, तोंड गुळावर घट्ट टेकेल अशी. थ्रीडी प्रिंटरवर पातळ भिंत काढली तर ती काळी दिसूनही उजेड झिरपू देते, म्हणून भिंत जाड ठेवा. एलईडी 45 अंशांवर, चिप बरोबर वरून खाली बघणारी. म्हणजे साखरेच्या कणांची चकाकी दुसऱ्या बाजूला निघून जाते. प्रत्येक वेळी दोन मोजण्या घ्या, एलईडी लावून आणि विझवून, आणि वजाबाकी करा. बाहेरचा चोरटा उजेड त्यात कटतो. आपली वीज 50 हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, तेव्हा मोजणीचा वेळ 10 मिलिसेकंदांच्या पटीच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवा.

गुळाची स्वतःची एक अडचण आहे, ती कुठल्या माहितीपत्रकात सापडणार नाही. तो थोडा पारदर्शी आहे. उजेड आत शिरतो, बाजूला पसरतो आणि डबीच्या तोंडाबाहेर निघून जातो. तोंड लहान असेल तर चांगला गूळही काळपट नोंदला जातो. म्हणून उजेडाचा ठिपका लहान आणि डबीचं तोंड त्याहून बरंच मोठं हवं.

मोजणी ताडून बघायला पांढरं काय धरायचं? टेफ्लॉन. दाबून भाजलेलं शुद्ध टेफ्लॉन पडलेल्या उजेडातला 98 टक्क्यांहून जास्त परत फेकतं. तेवढं महाग नको असेल तर नळाला गुंडाळायच्या टेपचे भरपूर थर घट्ट दाबून वडी करा, झाकणात बसवा, आणि रोज सकाळी आधी तिच्यावर मोजा. पांढऱ्या एलईडीचा उजेड तापल्यावर आणि जुना झाल्यावर बदलतो, तो फरक इथं पकडला जातो.

शेवटचं, आकडेमोड. चिपचे लाल-हिरवा-निळा म्हणजे डोळ्याचे नव्हेत. डोळ्याचा मान्य तक्ता 1931 चा, आणि त्यावरून 1976 मध्ये ठरलेली एल, ए, बी ही मापं. एल म्हणजे उजळपणा, बी म्हणजे पिवळेपणा. चिपच्या तीन आकड्यांवरून 1931 च्या तक्त्यापर्यंत पोचायला तीन बाय तीनचं कोष्टक (मॅट्रिक्स) लागतं. ते छापील रंगपट्ट्यांवर बसवू नका, गुळाच्याच खड्यांवर बसवा. चांगल्या उपकरणावर एकदाच मोजून आणलेले पंचवीस-तीस खडे, फिक्यापासून काळ्यापर्यंत. आपल्याला जगातले सगळे रंग मोजायचे नाहीत, तपकिरी-पिवळ्याची एक चिंचोळी पट्टी मोजायची आहे. तिथं ही स्वस्त चिप पुरते.

एक गोष्ट कुणी फसवून सांगितली तर ऐकू नका. ही डबी गुळात हायड्रॉस आहे की नाही हे सांगणार नाही. त्याला रासायनिक तपासणीच लागते. ती फक्त एवढं करेल की ओट्यावरचा आणि आतला माल एकच असेल तर आकडाही एकच येईल.

वेळ संपली. सर्किटचा कागद दारापाशी ठेवलाय. दिवाळीच्या सुमाराला घाणे सुरू होतील. ज्यांना डबी आपल्या गुऱ्हाळावर हवी आहे त्यांनी वहीत नाव लिहून जा, आणि पहिल्या आदणापासून प्रत्येक आदणाचा एक खडा तारीख घालून बंद बरणीत ठेवायला लागा. ठेवल्यावर गूळ काळवंडतो, तेव्हा खडा निवला की त्याच दिवशी मोजायला आणा.