रक्ताविना पोहणारं पिल्लू

(जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, उंदराच्या गर्भात ‘गाटा-१’ नावाचं एक जनुक बंद पाडलं, तर तो गर्भ अकराव्या दिवसाच्या आसपास मरतो. लाल पेशी तयार होत नाहीत, ऑक्सिजन पोचत नाही, विषय संपला. हेच जनुक झेब्राफिश नावाच्या छोट्या माशात बिघडलं तर काय होतं? पिल्लू अंड्यातून बाहेर येतं. पोहतं. त्याचं हृदय नीट धडधडत असतं, फक्त त्यातून जे वाहतं त्यात लाल पेशी नसतात. असे कितीतरी दिवस ते काढतं. जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा जीव. त्याला लागेल तेवढा ऑक्सिजन पाण्यातून थेट त्वचेवाटे आत झिरपतो.

आज मी जे सांगणार आहे ते बऱ्याच अंशी या एका सवलतीवर उभं आहे. बिघाड झालेला प्राणी मेला तर आपल्या हाती फक्त ‘हे जनुक आवश्यक होतं’ एवढंच लागतं. तो जगला तर रक्ताची घडण नेमकी कुठे अडली, अडलेल्या पेशींचं पुढे काय झालं, हे बघत बसता येतं. शिवाय हे पिल्लू पारदर्शक. चोवीस तास उलटले की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हृदय आणि रक्त दोन्ही दिसू लागतं.

आता मूळ प्रश्न. तुमच्या-माझ्या शरीरात दर सेकंदाला वीसेक लाख लाल पेशी तयार होतात. त्या ज्या मूलपेशींपासून येतात त्यांच्यापासूनच जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीही येतात. जनुकांचा संच सगळ्यांचा एकच. मग एक पेशी हिमोग्लोबिन भरत बसते आणि दुसरी जंतूंच्या मागे धावते, हे ठरवतं कोण? काही प्रथिनं डीएनएवरच्या ठरावीक जागी जाऊन बसतात आणि शेजारची जनुकं चालू किंवा बंद करतात. त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. गाटा-१ हे त्यातलंच एक.

मासा आपल्याच भागातला आहे, हे जाता जाता सांगतो. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचं वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली केलं, त्यात हा आहे. अक्वेरियमच्या दुकानात मिळणारा, अंगावर निळे पट्टे असलेला स्वस्त मासा तो हाच. प्रयोगशाळेत त्याला मान मिळवून दिला अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी. त्यांचा गाजलेला निबंध १९८१चा. खरा धडाका उडाला १९९६च्या डिसेंबरात. जर्मनीत ट्यूबिंगेनला क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांच्या आणि बोस्टनला व्होल्फगांग ड्रीव्हर व मार्क फिशमन यांच्या गटांनी एक उघड्या डोळ्यांचा प्रयोग केला होता. नर माशांना डीएनए बिघडवणारं रसायन द्यायचं, त्यांच्या वंशातली पिल्लं पिढ्यान्‌पिढ्या तपासायची आणि कुठे काय बिघडलंय ते नुसतं बघायचं. कुठलं जनुक महत्त्वाचं असेल याचा आधी अंदाज बांधायचा नाही. मला ही पद्धत फार आवडते. आपले अंदाज आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढ्यापुरतेच धावतात.

रक्त बिघडलेल्या वाणांना या लोकांनी वाइनची नावं दिली. शार्दोने, मर्लो, रीसलिंग, झिनफँडेल, सोतेर्न! यातल्या सोतेर्नमध्ये हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग, बनवण्याची पहिली पायरी तुटलेली निघाली. माणसातल्या एका जन्मजात पंडुरोगात हेच जनुक बिघडलेलं असतं. वाइसहेर्ब्स्टमधून २००० साली फेरोपोर्टिन सापडलं, म्हणजे पेशीतून लोह बाहेर सोडणारं प्रथिन. ते माणसात बिघडलं की शरीरात लोह साचतं, हे त्यानंतर कळलं. गाटा-१ बिघडलेल्या वाणाचं नाव व्लाड त्सेपेश, म्हणजे ड्रॅक्युलामागचा तो राजा.

या गाटा-१चा एक प्रतिस्पर्धी आहे, ‘पीयू-१’. तो पांढऱ्या पेशींच्या बाजूचा. २००५ साली दोन गटांनी माशात दाखवून दिलं की गाटा-१ काढून घेतलं तर लाल होऊ घातलेल्या पेशी मरत नाहीत, त्या पक्ष बदलतात आणि पांढऱ्या होतात. पीयू-१ काढलं तर उलट: भ्रूणाच्या पुढच्या भागात, जिथे पांढऱ्या पेशी व्हायच्या, तिथे लाल दिसू लागतात. दोघं एकमेकांना दाबून धरतात, आणि जो वरचढ ठरतो त्याप्रमाणे पेशीचं भवितव्य ठरतं. पाठ्यपुस्तकांत याची सुबक आकृती असते. पण तिच्यावरून असं वाटतं की योग्य फॅक्टर योग्य जागी बसला की काम झालं. तसं नाही, हे एका वेगळ्या माशाने दाखवलं.

त्याचं नाव मूनशाइन, म्हणजे अमेरिकेतली हातभट्टी. यात लाल पेशी जवळजवळ नसतातच. बिघडलेलं प्रथिन आहे टीआयएफ-१ गॅमा. पण हे प्रथिन करतं काय, ते कळेना. मग बोस्टनच्या लेनर्ड झॉन यांच्या प्रयोगशाळेने उलटा डाव टाकला. आधीच बिघडलेल्या मूनशाइन वाणात आणखी बिघाड करायचे, आणि एखाद्या पिल्लात रक्त परत येतं का ते बघायचं. विचार करा: एक गोष्ट मोडली म्हणून रक्त गेलं, आणि आता दुसरी मोडल्यावर ते परत यायला हवंय. आलं! त्या वाणाचं नाव ठेवलं सनराइज. त्यात मोडलं होतं सीडीसी-७३, पॅफ नावाच्या प्रथिनसमूहाचा एक घटक.

याचा अर्थ २०१०च्या निबंधात उलगडला. जनुकाची नक्कल उतरवणारं यंत्र, आरएनए पॉलिमरेज, जनुकाच्या सुरुवातीला येऊन बसतं, थोडं पुढे सरकतं आणि थबकतं. स्टँडवर एसटी सुरू करून ठेवलेली असते, ड्रायव्हर जागेवर असतो, पण कंडक्टर घंटी मारत नाही तोवर गाडी हलत नाही, तसंच. टीआयएफ-१ गॅमाचं काम ही घंटी मारण्याचं. ते रक्ताच्या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरांना जोडून घेतं आणि थबकलेल्या पॉलिमरेजला पुढे ढकलणारी प्रथिनं तिथे आणतं. मूनशाइनमध्ये ते नसल्यामुळे लाल पेशींच्या जनुकांवर पॉलिमरेज अडकून पडतं. पॅफ तिथे रोखून धरणाऱ्याच्या भूमिकेत असतं. तेही काढलं की रोखणारा गेला, नक्कल पुढे सरकली. माणसाच्या रक्ताच्या मूलपेशींतही हाच हिशेब लागू पडला.

म्हणजे जनुक चालू करायला कोणी बसलंय की नाही, एवढं विचारून भागत नाही. बसल्यानंतर पुढे सोडलं का, हेही विचारावं लागतं. आणि हा विचार आधी कोणाला सुचला म्हणून प्रयोग झाला असं नाही. आंधळेपणाने केलेल्या शोधातून, रक्त परत आलेल्या पिल्लांकडे बघून, तो हाती आला.

मूनशाइनची गोष्ट इथेही थांबत नाही. पुढे त्याच पिल्लांच्या पाण्यात तऱ्हेतऱ्हेची रसायनं टाकून पाहिली. माशाच्या बाबतीत औषध द्यायचं म्हणजे पाण्यात सोडायचं, इतकं सोपं. त्यात लेफ्लुनोमाइडने रक्त बऱ्याच प्रमाणात परत आणलं. इथे कोणाला संधिवात असेल तर त्यांना हे नाव ओळखीचं असेल. ते पेशीच्या मायटोकॉन्ड्रियातलं एक विकर अडवतं. २०२१मध्ये याचा उलगडा झाला: टीआयएफ-१ गॅमा नसलं की कोएन्झाइम-क्यू, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार करायला लागणारा एक रेणू, बनवणारी जनुकंही मंदावतात, पेशीतल्या चयापचयाचा तोल बिघडतो, आणि त्या बिघडलेल्या तोलामुळे डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवर रासायनिक खुणा वाढतात. कोएन्झाइम-क्यूसारखा रेणू दिल्यावरही रक्त परत आलं. जनुकांचं नियमन आणि पेशीची ऊर्जा हे दोन वेगळे विषय म्हणून आपण शिकवतो. ते वेगळे ठेवणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय.

एक इशारा मात्र द्यायला हवा. जनुक तात्पुरतं दाबण्यासाठी मॉर्फोलिनो नावाचे रेणू वर्षानुवर्षं सर्रास वापरले गेले. २०१५च्या सुमारास लक्षात आलं की मॉर्फोलिनोने दिसणारे अनेक दोष खऱ्या जनुकबिघाडात दिसतच नाहीत. काही वेळा मॉर्फोलिनोचाच आनुषंगिक परिणाम असतो. काही वेळा जनुक मोडल्यावर पेशी त्याच्या नात्यातली जनुकं वाढवून कसर भरून काढते. तेव्हा फक्त मॉर्फोलिनोवर बेतलेला जुना दावा समोर आला की मी तरी आधी विचारतो, याचा कायमचा बिघाड असलेला मासा आहे का?

माशाने दाखवलेली सगळ्यात देखणी गोष्ट मूलपेशीच्या जन्माची आहे. २०१०मध्ये जिवंत पिल्लात ती प्रत्यक्ष बघितली गेली. पाठीकडच्या महारोहिणीच्या भिंतीतली एक चपटी पेशी वाकते, शेजारणींपासून सुटते आणि बाहेर पडते. आयुष्यभर रक्त पुरवणारी मूलपेशी अशी, भिंत सोडून येते. तिला हे करायला रन्क्स-१ नावाचा आणखी एक ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर लागतो. नंतर या पेशी शेपटीत वाढतात आणि शेवटी मूत्रपिंडात मुक्काम करतात. आपली अस्थिमज्जा जे करते ते माशात तिथे होतं.

प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं की गडचिरोली-नंदुरबारच्या सिकलसेलच्या, म्हणजे बिघडलेल्या हिमोग्लोबिनमुळे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, रुग्णाला यातून काय मिळणार. प्रश्न रास्त आहे. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलवर जी जनुकसंपादनाची उपचारपद्धती मंजूर झाली, ती हिमोग्लोबिनच्या बिघडलेल्या जनुकाला हात लावत नाही. बीसीएल-११ए नावाचं जनुक जन्मानंतर गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बंद ठेवतं. त्याच्या एका नियंत्रक तुकड्यात गाटा-१ जिथे बसतं, नेमकी ती जागा कापली जाते. तो तुकडा लाल पेशींच्या वंशातच चालतो, त्यामुळे बीसीएल-११ए तिथे मंदावतं, बाकी शरीरात शाबूत राहतं, आणि गर्भातलं हिमोग्लोबिन परत वाहू लागतं. हा शोध माणसांच्या आणि उंदरांच्या अभ्यासातून आला, माशातून नाही. ते श्रेय माशाला देऊ नये. पण त्यामागचा विचार आज आपण तासभर जे बोललो तोच आहे.

किंमत अमेरिकेत बावीस लाख डॉलर, आणि आधी केमोथेरपीने मज्जा रिकामी करावी लागते. आपल्याकडच्या रुग्णाला आज मिळते ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी. तीही गर्भातलं हिमोग्लोबिनच वाढवते, पण सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. तिच्यापेक्षा नेमकी गोळी शोधायची तर हजारो रसायनं जिवंत, रक्त बनवणाऱ्या शरीरावर तपासावी लागतील. मासा त्या चाळणीत उपयोगी पडेल, मात्र पहिल्या टप्प्यापुरताच. त्याचंही हिमोग्लोबिन वयानुसार बदलतं, पण आपल्या गर्भातल्या हिमोग्लोबिनचा जो घटक, गॅमा-ग्लोबिन, तो त्याच्याकडे नाही. माशात चाललेलं रसायन पुढे माणसाच्या पेशींवर नव्याने सिद्ध करावंच लागेल.