माहेर हरवलेल्या बायका

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘माहेर हरवलेल्या बायका : वसाहतकालीन अमेरिकेतल्या वंशावळी’. तिकडे येतोच; आधी कप्तान रिचर्ड मोरच्या थडग्यापाशी जरा थांबू. माझी सगळी नोकरी फेरफार तपासण्यात गेली. कोरीव मजकूर दिसला की आधी वजाबाकी करून बघायची खोड आहे. आमची ही म्हणते, दफनभूमीत तरी गप्प बसा.

तर मॅसॅच्युसेट्समधलं सेलम. लेकीकडे गेलो होतो. चार्टर स्ट्रीटच्या दफनभूमीत पाटीच्या दगडाच्या जुन्या शिळा आहेत. त्या काळातल्या शिळांवर पंख फुटलेली कवटी कोरायची पद्धत, बघून नातू दचकला. झिजलेली अक्षरं वाचायला काही लोक दगडाला दाढीचा फेस फासतात. कृपा करून तसं करू नका, दगड खराब होतो. मी लेकीच्या पर्समधला आरसा तिरका धरला. बाजूनं ऊन पडलं की मेलेलं अक्षरही उठून बसतं.

शिळा म्हणते : कप्तान रिचर्ड मोर, वय ८४, मृत्यू १६९२, मेफ्लॉवरवरचा यात्रेकरू. मेफ्लॉवर म्हणजे १६२० साली इंग्लंडातून वसाहत करायला निघालेल्या माणसांना अमेरिकेत घेऊन गेलेलं ते जहाज, ज्यावर आपले पूर्वज होते असं निघालं की तिथली माणसं अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी चालतात. पण १६९२ मधून ८४ गेले, राहिले १६०८. आणि इंग्लंडात, श्रॉपशरमधल्या शिप्टनच्या चर्चच्या वहीत याचा बाप्तिस्मा आहे १३ नोव्हेंबर १६१४ चा. आई कॅथरिन, वडील सॅम्युअल; त्यांचं लग्नच १६११ च्या फेब्रुवारीत. (हशा) तेव्हाच्या रीतीनं ते साल १६१० धरायचे, कारण इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं. म्हणजे आपल्या पाडव्याच्या सुमारास! वसाहतींतही हा घोळ १७५२ पर्यंत. जुन्या तारखा १६१०/११ अशा दुहेरी लिहितात त्या म्हणूनच.

मग शिळा खोटी? शिळा नाही, त्यावरचं साल आणि ‘मेफ्लॉवर’ हे शब्द. ते पुष्कळ मागाहून कोणीतरी हौसेनं कोरून घेतले. कागदोपत्री कप्तान १६९४ च्या मार्चपर्यंत जिवंत आहे.

बरं, हा जहाजावर चढला कसा? सॅम्युअलचं म्हणणं, ही चारही मुलं माझी नव्हेत, तोंडवळा कॅथरिनच्या प्रियकराचा, जेकब ब्लेकवेचा आहे. चौघांना उचललं आणि मेफ्लॉवरवर घातलं. रिचर्ड जेमतेम सहाचा. बाकीची तिघं पहिल्या हिवाळ्यातच गेली. सॅम्युअलचं हे निवेदन उजेडात आलं विसाव्या शतकात. तोवर अमेरिकेतले वंशज त्यांना अनाथ पोरं समजत होते. ज्याला घरानं टाकलं, त्याच्याच नावानं आज लोक घराणं सांगतात. पुढे हा दर्यावर्दी झाला. १६३६ ला अमेरिकेतल्या प्लिमथमध्ये क्रिश्चन हंटरशी लग्न, आणि १६४५ ला, क्रिश्चन जिवंत असताना, लंडनजवळच्या स्टेपनीत एलिझाबेथ वुल्नोशी दुसरं. दोन वह्या, मध्ये अख्खा अटलांटिक. फेरफार तपासायला होतं कोण? (हशा)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. अहो, विषय तर आत्ता सुरू होतोय!

बायका पटापट सांगतो. शिळेवर बाई कुणाची तरी बायको असते, माहेर नसतं. मग बापाचं मृत्युपत्र काढा. त्यात ‘माझी मुलगी सारा, अमक्याची बायको’ असा उल्लेख असू शकतो. नाहीतर खरेदीखतं. विधवेला नवऱ्याच्या जमिनीत तहहयात तिसरा हिस्सा असायचा, म्हणून विकताना घेणारा बायकोचीही सोडचिठ्ठी मागायचा, म्हणजे जमिनीवरच्या हक्काची हो! पण त्यात नुसतं पहिलं नाव. खरा मासा गळाला लागतो बापाच्या मागे भावंडं जमीन विकतात तेव्हा : मुलगी आणि जावई दोघं सही करतात. आपल्याकडे वारस नोंदीला बहिणी येतात, तस्संच. धाकट्या मुलाचं पहिलं नाव आडनावासारखं वाटलं, तर आजोळ तपासा. आणि ‘ज्युनियर’ म्हणजे मुलगाच असं समजू नका. गावात त्याच नावाचा दुसरा, वयानं लहान, इतकंच.

क्रिश्चनची शिळा कप्तानाजवळच आहे. तिच्यावर ‘रिचर्ड मोरची बायको’ एवढंच. हंटर सापडतं प्लिमथच्या कागदात. एलिझाबेथ मात्र सेलमला कुठेच नाही. तिच्या लग्नाची ती एक ओळ स्टेपनीच्या वहीत...

हो हो, थांबतो. दारात चहा आलेला दिसतोय.