आल्बुकर्की बॉक्स: बलून उडण्याआधीचा वारा

(दृश्य: काळोख. मैदानावर हलणारे टॉर्च. दूरवर शहराचे दिवे.)

पहाटेचे पाच वाजायचेत. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातलं आल्बुकर्की शहर, ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, इथल्या बलून महोत्सवाचे दिवस. दोन स्वेटर चढवूनही कुडकुडायला होतंय, आणि या मैदानावरच्या माणसांना नेमकी हीच थंडी हवी आहे.

अजून दोन तासांनी इथून शेकडो हॉट एअर बलून आकाशात जातील. ते दृश्य तुम्ही फोनवर कितीदा तरी पाहिलं असेल. आम्ही कॅमेरा लावला तो त्याच्या आधीच्या वेळावर, कारण उडायचं की नाही हे तेव्हाच ठरतं.

(दृश्य: क्लोज-अप. हातमोजे घातलेले हात. हेलियमचा छोटा फुगा, त्याला बांधलेला इवलासा दिवा.)

वाढदिवसाला लावतात तेवढाच फुगा. आत हेलियम, खाली लुकलुकणारा दिवा. याला इथं सगळे ‘पिबल’ म्हणतात. पायलट बलूनचं हे छोटं नाव. दोऱ्याची गाठ दातांनी आवळली जाते, हात वर होतो, बोटं सुटतात.

आता सगळ्यांच्या माना वर.

(दृश्य: दिव्याचा ठिपका वर जातो. मध्येच दिशा बदलतो. संगीत नको, आजूबाजूचे आवाज राहू द्या.)

पिबल साधारण एकाच वेगानं वर चढतो. म्हणून घड्याळ बघितलं की तो किती उंचीवर असेल याचा अंदाज येतो, आणि होकायंत्र धरलं की त्या उंचीवर वारा कुठल्या दिशेला वाहतोय ते कळतं. बघा, पहिल्यांदा तो दक्षिणेकडे सरकतोय. सावकाश, अगदी रमतगमत. आणि आता... इथं. इथं तो थबकला. आता उत्तरेला निघाला.

एवढ्याशा वळणासाठी जगभरातून पायलट या गावात येतात.

आपल्याकडेही हवामान खात्याची पायलट बलून केंद्रं आहेत. तिथं फुगा सोडून थिओडोलाइटमधून, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीतून, त्याच्यावर नजर ठेवतात आणि वरच्या वाऱ्यांची नोंद करतात. पद्धत जुनीच, पण भरवशाची. खिशातलं अ‍ॅप वाऱ्याचा जो आकडा दाखवतं तो जमिनीपासून दहा मीटरवरचा असतो, तोही काही किलोमीटरच्या चौकटीचा हिशेब करून काढलेला. दीडशे मीटरवर काय चाललंय आणि ते याच मैदानावर चाललंय का, हे त्या आकड्यात नसतं. तरी मैदानावर फोन उघडून ‘वारा तर काहीच नाही’ असं सांगणारा एक तरी माणूस भेटतोच.

(दृश्य: पहाट फुटते. सांडिया डोंगराची काळी कड. रोपवेतून दिसणारं खोरं.)

पूर्वेला सांडिया डोंगर, माथा ३,२५५ मीटरवर. पश्चिमेला रिओ ग्रांदे नदी, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारी. मधल्या खोऱ्यात हे शहर, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच. हवा कोरडी, रात्री आकाश निरभ्र. अशा रात्री जमीन झपाट्यानं निवते आणि तिला टेकलेली हवाही गार होते. गार हवा जड. ती सांडलेल्या पाण्यासारखी डोंगरउतारावरून खाली येते, खोऱ्यात साचते आणि नदीच्या उताराबरोबर दक्षिणेकडे सरकू लागते.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात आपण ‘पर्वतीय वारे’ शिकलो होतो. दोन गुणांचा प्रश्न असायचा. तेच हे वारे.

या गार थराची जाडी काही शे फुटांचीच असते. त्याच्या वर तुलनेनं उबदार हवा. म्हणजे वर जावं तसं तापमान कमी होण्याऐवजी वाढतं. पुस्तकी भाषेत तापमानाची विपरीतता. गार हवा खाली दबून बसलेली असल्यामुळं खालचा थर आणि वरचा थर एकमेकांत मिसळत नाहीत. खाली उत्तरेकडून येणारा वारा, वर दक्षिणेकडून येणारा. दोन थर, दोन उलट दिशा. यालाच म्हणतात आल्बुकर्की बॉक्स.

बलूनला सुकाणू नसतं. पायलटच्या हातात दोनच गोष्टी: बर्नर पेटवून वर जाणं, आणि माथ्यावरची झडप उघडून गरम हवा सोडत खाली येणं. दिशा हवी असेल तर ती उंचीत शोधायची. बॉक्स जमलेला असेल तर खालच्या थरात दक्षिणेकडे जायचं, वर चढायचं, वरच्या थरात उत्तरेकडे परतायचं, आणि उतरायचं. नशिबानं साथ दिली तर जिथून उडालो त्याच मैदानावर.

(दृश्य: गवतावर पसरलेलं रंगीत कापड. मोठा पंखा सुरू होतो. कापडाच्या पोटात हवा भरू लागते.)

थंडी का हवी, त्याचा हिशेब आता करू. हा बलून साधारण बावीसशे घनमीटरचा. आतली हवा ९५ अंशांपर्यंत तापवली आहे असं धरा. बाहेर ५ अंश असतील तर या उंचीवर बलूनला साडेपाचशे किलोच्या आसपास उचल मिळते. बाहेर ३० अंश असतील तर तोच बलून, आत तेवढीच गरम हवा, आणि उचल पावणेचारशेच्या घरात. यातून कापड, बास्केट, बर्नर आणि भरलेले सिलिंडर यांचं सुमारे तीनशे किलो वजन वजा करा. थंडीत पायलटसोबत दोन पाहुणे आरामात. उन्हात पायलट एकटाच.

आता दुसरा आकडा, जो सहसा कुणी सांगत नाही. या कापडाच्या आत जी गरम हवा आहे तिचंच वजन पावणेदोन टन भरतं. बलून हलका दिसतो. जमिनीवर वाऱ्यानं ओढायला लागला की तो दोन टनांच्या वस्तूसारखाच वागतो.

(दृश्य: वाऱ्याच्या झुळकेनं अर्धवट भरलेलं कापड डोलतं. दोर धरून मागे रेललेली चार माणसं. एकाच्या बुटाची टाच मातीत रुतते.)

वारा दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. म्हणून बहुतेक पायलट ८ ते १० नॉटच्या, म्हणजे तासाला १५ ते १८ किलोमीटरच्या वर जमिनीवरचा वारा गेला की कापड उलगडतच नाहीत. आणि वारा उडतानाच बघून भागत नाही, उतरताना किती असेल तेही बघावं लागतं. उडताना मैदानावर झाडांचा, इमारतींचा आडोसा असतो. उतरायचं असतं ते तासाभरानं, भलत्याच जागी, आणि बलूनला ब्रेक नसतो.

आडोशाचा आणखी एक धोका आहे. खाली शांत, पण बलूनच्या माथ्यावरून वारा वाहत असेल तर त्या वाऱ्यानं बलून वर खेचला जातो. आतली हवा पुरेशी तापली नसली तरी तो उठतो. थोड्या वेळात बलून वाऱ्याच्याच वेगानं जाऊ लागतो, ती खोटी उचल संपते, आणि तो खाली बसायला लागतो. समोर कुंपण, तारा, पार्किंगमधल्या गाड्या. म्हणून पायलट उडताना पुढं बघतात. आपण सगळे वर बघत असतो.

(दृश्य: अंधाऱ्या आकाशात आळीपाळीनं उजळणारे बलून. प्रेक्षकांचा ‘ओऽऽ’.)

ही ‘डॉन पेट्रोल’, म्हणजे पहाटेची गस्त. सूर्य उगवायच्या आधी मोजके बलून वर जातात. कॅलिफोर्नियाच्या दोन पायलटांनी १९७८ मध्ये रात्री उडता येईल अशी दिव्यांची सोय केली, तेव्हापासून ही पद्धत पडली. बघायला सुंदर आहेच, आणि कॅमेऱ्याला यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही. पण यांचं खरं काम वेगळं. कुठल्या उंचीवर किती वारा, कुठल्या दिशेचा, ते त्यांच्या उड्डाणातून खालच्या सगळ्यांना कळतं. पिबलनं सांगितलेलं ही माणसं स्वतः वर जाऊन तपासतात.

शहरातल्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या केंद्रातूनही याच सुमाराला उपकरणं बांधलेला एक फुगा आकाशात गेलेला असतो. तापमान, आर्द्रता, वारा, सगळं उंचीनुसार. गार थर किती जाड आहे आणि सूर्य वर आल्यावर तो किती वेळ टिकेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

(दृश्य: जुने फोटो. मॉलची पार्किंगची जागा, पट्ट्यापट्ट्यांचे बलून.)

हा महोत्सव सुरू झाला ८ एप्रिल १९७२ ला. एका रेडिओ केंद्राचा पन्नासावा वाढदिवस, आणि मॉलच्या पार्किंगमधून बलून उडवायची कल्पना. २१ पायलट कबूल झाले होते. वाटेत हवा बिघडली आणि उडाले १३. पुढं २००० साली बलूनची नोंदणी हजाराच्या वर गेली. मधल्या काळात याच शहरातल्या तिघांनी हेलियमच्या बलूनमधून अटलांटिक महासागर ओलांडला. डबल ईगल टू हे त्या बलूनचं नाव, आणि १७ ऑगस्ट १९७८ ला तो फ्रान्समध्ये उतरला. बलूनमधून अटलांटिक पार करणारे ते पहिलेच.

(दृश्य: खांबावर हिरवा झेंडा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कपड्यातली माणसं, तोंडात शिट्ट्या.)

हिरवा म्हणजे उडा. पिवळा म्हणजे थांबा. लाल म्हणजे आज नाही.

पट्ट्यांचे कपडे घातलेल्यांना इथं ‘झेब्रा’ म्हणतात. डोक्यावरचं आकाश मोकळं आहे ना ते बघून ते एकेका बलूनला हात दाखवतात. बास्केटमधल्या पायलटला स्वतःच्याच बलूनमुळं वरचं काही दिसत नाही.

(दृश्य: सामूहिक उड्डाण. इथं निवेदन थांबवा. चाळीस सेकंद फक्त बर्नरचे आवाज.)

(दृश्य: बास्केटमधून. खाली नदी, तिच्यात बलूनचं प्रतिबिंब.)

वर आल्यावर वारा जाणवत नाही. केस हलत नाहीत. आपण वाऱ्याबरोबरच चाललोय. वाऱ्याची दिशा बघायची तर खाली बघायचं: चिमणीचा धूर, तळ्यावरची लहर, झेंडे, आणि आपल्याआधी गेलेला बलून. आमचा पायलट बास्केटबाहेर वाकून थुंकला तेव्हा आम्ही चमकलो. थुंकी कुठल्या उंचीवर कुठं वळते ते तो बघत होता.

दक्षिणेकडे जाताना काही जण रिओ ग्रांदेवर इतके खाली येतात की बास्केटचा तळ पाण्याला टेकतो. हे फक्त खालचा थर संथ असला तरच.

आता घड्याळ बघा. सूर्य वर आला की जमीन तापते, गार थर खालून विरायला लागतो, गरम हवेचे झोत उठू लागतात. दोन-तीन तासांत बॉक्स मोडतो. ज्या ऊन-वाऱ्याची ग्लायडरवाले, म्हणजे बिनइंजिनाची विमानं उडवणारे, वाट बघतात, त्याच्या आत बलूनवाल्यांना जमिनीवर असावं लागतं.

धुकं हा वेगळाच प्रकार. रात्री वारा पडलेला, आकाश निरभ्र, हे सगळं बलूनला हवं तसंच. पण हवेत ओल असेल आणि तापमान दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्याच्या, जवळ आलं असेल, तर हीच शांत हवा धुकं आणते. ३० जुलै २०१६ ला टेक्ससमध्ये लॉकहार्टजवळ धुकं आणि खालचे ढग असताना एक बलून उडाला, उतरताना विजेच्या तारांवर गेला, १६ जण गेले.

(दृश्य: माळावर उतरलेला बलून. पिकअप येते. कापडातली हवा दाबत चालणारी मुलं.)

मागे येणारी गाडी म्हणजे चेज क्रू. बलून कुठं उतरणार ते पायलटलाही नेमकं ठाऊक नसतं, त्यामुळं ही मंडळी रस्त्यावरून, गल्ल्यांतून, कधी कुणाच्या परसातून मागावर असतात. कापड गुंडाळणं, पिशवीत कोंबणं, त्या पिशवीवर बसून उरलेली हवा काढणं. पाऊण तास घाम निघतो.

(दृश्य: दुसरा दिवस. स्वच्छ निळं आकाश. खांबावर लाल झेंडा. ब्रेकफास्ट बरिटो खात उभी गर्दी.)

आणि हा दुसरा दिवस. एकही ढग नाही. लाल झेंडा. पहाटे उठून आलेल्या लोकांचे चेहरे बघा.

शहराच्या पूर्वेला डोंगरात एक खिंड आहे, तिहेरस कॅन्यन. डोंगरापलीकडच्या मैदानात थंड हवा साचून दाब वाढला की ती हवा या खिंडीतून शहरात घुसते. आकाश निरभ्रच राहतं, वारा मात्र सोसाट्याचा. खोऱ्यात रात्रभर साचलेला गार थर तो ढवळून टाकतो. बॉक्स तयारच होत नाही. आज सोडलेला पिबल आम्ही चित्रित केला आहे: हात सुटल्याबरोबर तो आडवाच गेला, आणि एका तंबूमागं दिसेनासा झाला.

पायलटांनी तो बघितला आणि कापडाच्या पिशव्या गाडीतून उतरवल्यासुद्धा नाहीत. कुणी वाद घातला नाही. गर्दीतून एकानं विचारलं, ‘अर्धा तास थांबलं तर?’ अंदाज बघणाऱ्यानं पूर्वेकडच्या ठाण्यांवरचे दाबाचे आकडे दाखवले. डोंगराच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक अजून वाढतच होता. तो दुपारनंतर कमी होईल, वारा रात्री पडेल, आणि आकाश असंच मोकळं राहिलं तर पहाटेपर्यंत खोऱ्यात गार हवा पुन्हा साचेल, असा उद्याचा अंदाज फलकावर लागला. खाली वेळ लिहिली होती: पुढचा पिबल, पहाटे पाच.