अण्णा, बाया आणि हिंगण्याची वाट

नमस्कार श्रोतेहो.

आज 18 एप्रिल, महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजेच अण्णा, यांचा जन्मदिवस. 1858 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली गावी, आजोळी, त्यांचा जन्म झाला तेव्हा सत्तावन्नच्या उठावाची धग अजून विझली नव्हती. 9 नोव्हेंबर 1962 ला त्यांनी डोळे मिटले तेव्हा चीनशी युद्ध चालू होतं. एकशे चार वर्षांचं आयुष्य! एवढं आयुष्य लाभणं आपल्या हाती नसतं, हे खरं. पण ते शेवटपर्यंत माणसांनी भरलेलं राहिलं, ही मात्र त्यांची स्वतःची कमाई होती.

अण्णांबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा संस्थांबद्दलच बोलतो. आश्रम, विद्यालय, विद्यापीठ आणि त्यांची सालं. मला आज त्या संस्थांच्या मागच्या घराबद्दल बोलायचं आहे. अण्णांच्या कामाची मुळं शोधत गेलं की आपण सभा-परिषदांपाशी पोचत नाही, एका मित्राच्या दाराशी पोचतो, असं मला फार वाटतं.

अण्णांचं गाव मुरूड, दापोलीजवळचं, समुद्रकाठचं. घरची गरिबी. गावात सोमण गुरुजी नावाचे शिक्षक होते आणि त्यांच्यामुळे या मुलाला वर्तमानपत्राची गोडी लागली. लोकांसाठी काही करायचं असतं, ही जाणीवही त्यांच्यामुळेच आली. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी सातारा गाठायचं होतं. भर पावसात, डोंगर-घाट ओलांडत, मित्रांबरोबर हा मुलगा शंभरावर मैल चालत गेला. तिथे परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ‘एवढासा पोरगा सतरा वर्षांचा असणं शक्य नाही’ म्हणून परत पाठवलं! पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तो पास झाला. अंगकाठी किरकोळ, स्वभाव भिडस्त, चारचौघांत बोलायचं म्हटलं की संकोच. असा माणूस पुढे आयुष्यभर लोकांच्या दारात वर्गणी मागत उभा राहिला.

मुंबईत शिकत असताना नरहरपंत जोशी हे त्यांचे जिवलग मित्र झाले. 1884 साली अण्णा गणित घेऊन बी.ए. झाले. मग शाळांमधली नोकरी, शिकवण्या, पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणं. दोघा मित्रांनी मुंबईत मिळून बिऱ्हाड केलं. अण्णांच्या पत्नी राधाबाई, त्यांचा लहानगा मुलगा रघुनाथ, शिवाय शिकायला आणून ठेवलेली नात्यातली मुलं, असं ते नांदतं घर होतं. त्या मुलांतला एक म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. तो पुढे केंब्रिजला गणितात पहिला आला आणि सीनियर रँग्लर झाला. आपल्या तुटपुंज्या कमाईतून अण्णा दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत होते आणि मुरूडच्या शाळेसाठी फंडही उभा करत होते. गावाबाहेर नोकरीला असलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतला ठरावीक वाटा गावासाठी द्यायचा, अशी त्या फंडाची कल्पना होती. तेव्हा त्यांच्या नावामागे महर्षी वगैरे काहीच लागलेलं नव्हतं.

याच बिऱ्हाडात नरहरपंत आपल्या बहिणीला घेऊन आले. देवरुखची गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा गेला. सासरी राबण्यात तिची कितीतरी वर्षं गेली. पंडिता रमाबाईंनी 1889 च्या 11 मार्चला मुंबईत शारदा सदन उघडलं आणि तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाईच. विधवा बहिणीला घराबाहेर काढून शाळेत घालणारा भाऊ त्या काळात किती दुर्मीळ होता, याची कल्पना करा. नरहरपंतांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेते आहे.

1891 साली राधाबाई वारल्या. त्याच वर्षी कॉलेजातले सोबती गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून अण्णा पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला गेले. म्हणजे इथेही मैत्रीच. दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा, करीन तर विधवेशीच करीन, असा त्यांचा निश्चय होता. 11 मार्च 1893 ला पुण्यात त्यांचं गोदूबाईंशी लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे साऱ्यांच्या ‘बाया’ झाल्या.

पुण्यात कौतुक करणारे काही होते, शिव्या देणारे पुष्कळ होते. पण घाव बसला तो मुरूडचा. गावाने सभा भरवून अण्णांवर बहिष्कार घातला. आई आणि भाऊ त्यांना घरात घेतील तर त्यांनाही वाळीत टाकायचं, असं ठरलं. ज्या गावच्या शाळेसाठी या माणसाने पैसा जमवला, त्याच गावात त्याला स्वतःच्या आईपाशी बसून जेवता येईना. अण्णांनी गावावर राग धरला नाही आणि आपलं पाऊलही मागे घेतलं नाही. मला त्यांच्या साऱ्या आयुष्यातली ही सगळ्यात अवघड गोष्ट वाटते. लोक दूर लोटतात तेव्हा त्यांच्यावर चिडणं सोपं, त्यांच्यापुढे झुकणंही सोपं. त्यांच्यावर माया ठेवून आपल्या जागी उभं राहायला फार मोठं मन लागतं.

1896 साली अण्णांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे पुण्यात प्लेग आला आणि आश्रम शहराबाहेर हिंगण्याला हलवावा लागला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तिथे सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले होते. पहिली इमारत म्हणजे एक झोपडी. आज कर्वे रस्त्याने कर्वेनगरात जाताना कुणाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा ती चिखलाची आणि काट्याकुट्यांची शेतवाट होती. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं, संध्याकाळी आश्रमाला लागणारं सामान पाठीवर घेऊन ही वाट तुडवायची, रात्री मुलींना शिकवायचं, आणि सकाळी पुन्हा पुणं गाठायचं. असा क्रम कितीतरी दिवस चालला.

आणि घर? श्रोतेहो, इथे मला जरा थांबायचं आहे.

अण्णांनी साठवलेला पैसा आश्रमाला दिला, आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा देऊन टाकली. संसार मात्र बायांनी चालवला. मुलं लहान, नवरा संध्याकाळी हिंगण्याला निघून जाणारा आणि शेजारपाजार तोंड फिरवणारा. त्यात आणखी एक कडू गोष्ट होती. आश्रमात मुली पाठवणाऱ्या आईबापांना पुनर्विवाहाची धास्ती वाटू नये म्हणून, इथे फक्त शिक्षण मिळेल, असं धोरण अण्णांनी ठेवलं. त्यामुळे पुनर्विवाह केलेल्या बायांनाच नवऱ्याच्या आश्रमात राहायला कित्येक वर्षं जागा नव्हती. जिच्याकडे पाहून विधवा स्त्रीला नवं आयुष्य मिळू शकतं हे लोकांना कळलं, तिलाच दाराबाहेर थांबावं लागलं. अण्णांची अडचण मला समजते. आश्रम बंद पडला असता तर शेकडो मुलींचं नुकसान झालं असतं. तरीही त्यांनी बायांवर फार मोठं ओझं टाकलं, असंच मला वाटतं, आणि त्यांच्याबद्दल नितांत आदर असूनही ते बोलून दाखवायला हवं.

बाया मात्र रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेऊन आल्या, अडलेल्या बायकांना मदत केली, आणि पुढे त्याच संस्थेसाठी घरोघर फिरून पैसेही गोळा केले. बोलायला फटकळ, हिशेबाला चोख आणि अण्णांना तोंडावर सुनावणाऱ्या. असं कुणीतरी घरात होतं, म्हणूनच अण्णा जगाला सगळं देऊन टाकू शकले.

आश्रमाचा दुसरा मोठा आधार पार्वतीबाई आठवले. त्या बायांच्या सख्ख्या बहीण, म्हणजे नरहरपंतांच्याच घरातल्या. त्यासुद्धा विधवा, पदरी लहान मुलगा. मोठेपणी अक्षरं गिरवून त्या शिकल्या, आश्रमाची जबाबदारी उचलली आणि गावोगाव फिरून वर्गणी आणली. 1918 साली इंग्रजी शिकायला त्या थेट अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या. एका मित्राच्या घराने अण्णांना पत्नी दिली आणि आश्रमाचा कणाही दिला. मैत्री म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

विद्यापीठाची हकिगत तुम्हाला ठाऊक असेलच. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांच्या वाचनात आली. 1915 च्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली आणि जून 1916 मध्ये हिंगण्याला सुरुवातही केली. शिक्षण मातृभाषेतून, आणि पहिल्या वर्गात मुली पाच. अण्णा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं, नाव मिळालं. आपण ज्याला एस.एन.डी.टी. म्हणतो, तेच हे.

सत्तरी ओलांडल्यावर अण्णा जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान. बर्लिनमध्ये आइन्स्टाइनची भेट झाली. पुढे बायांना घेऊन ते आफ्रिकेला गेले. मुलगा शंकर तिथे डॉक्टर होता, आणि तिथल्या आपल्या लोकांकडूनही त्यांनी संस्थेसाठी मदत मिळवली.

मुलांपैकी थोरला रघुनाथ म्हणजे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे र. धों. कर्वे. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली आणि पुढे कोर्टाच्या पायऱ्याही चढाव्या लागल्या. दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी इरावतीबाई मोठ्या मानववंशशास्त्रज्ञ, आणि 1930 च्या दशकात काही वर्षं सासऱ्यांच्या विद्यापीठाच्या रजिस्ट्रार. धाकटे भास्कर आणि त्यांच्या पत्नी कावेरीबाई हिंगण्याच्या कामात राहिले. एकाच छपराखाली वाढलेली ही चार भावंडं, पण प्रत्येकाचा मार्ग निराळा. अण्णांनी कुणालाही आपल्या वाटेवर ओढलं नाही. थोरल्याचं काम समाजाला त्या काळात अजिबात रुचणारं नव्हतं, तरी बापाने मुलाला तोडलं नाही. स्वतः वाळीत पडलेल्या माणसाला ते दुःख माहीत होतं.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी नवी संस्था काढली, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी. जिथे शाळा नाही तिथे शाळा निघावी म्हणून हा म्हातारा माणूस पुण्याच्या गल्ल्यांतून पायी फिरून छोट्या छोट्या वर्गण्या गोळा करत असे. 1944 साली, शहाऐंशीव्या वर्षी, जातीपातीतला उच्चनीचपणा जावा म्हणून समता संघ काढला. लोक नातवंडांबरोबर रमतात त्या वयात ते नव्या कामाचं पहिलं पान उघडत होते.

29 नोव्हेंबर 1950 ला बाया गेल्या. सत्तावन्न वर्षांची सोबत संपली. तीन वर्षांनी थोरला मुलगा गेला. सगळ्यात मोठे मानसन्मान आले ते त्यानंतर. 1955 ला पद्मविभूषण, 1958 ला, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. त्यांच्या हयातीतच टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. तो गौरव पाहायला बाया हव्या होत्या, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. त्यांनी अण्णांना दोन शब्द सुनावलेही असते, आणि ते अण्णांनी मुकाट्याने ऐकूनही घेतले असते.

अण्णांचं ‘आत्मवृत्त’ आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. बायांनीही आपली हकिगत सांगून ठेवली आहे, ‘माझे पुराण’ या नावाने. गावच्या वाचनालयात चौकशी करा, नसेल तर मागवायला सांगा, आणि दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ एक वाचा. माझं ऐकाल तर आधी बायांचं वाचा.

नमस्कार.